उर्वशीची ओळखपरेड

लॅपटॉपवरचा चेहरा उर्वशीचा, आवाजही उर्वशीचाच. म्हणून तर तुलारामांना संशय आला. आजकाल चेहरा काय, कोणीही लावून बसतो.

आंबागडला परतण्याआधी त्यांनी समुद्रापलीकडच्या एका छोट्या देशात वीस वर्षं नोकरी केली होती. त्या देशातल्या साऱ्या वेबसाइटांच्या नावांची नोंद ठेवणारं ते ऑफिस. प्रत्येक नाव खरं असल्याची मोहोर तिथं एका गुप्त किल्लीने उमटे. त्या किल्लीचे तीन भाग तीन कार्डांवर जपून ठेवलेले. तिसरं कार्ड निवृत्तीनंतरही तुलारामांच्या कपाटात होतं, कारण हा माणूस कोणावरच विश्वास ठेवत नसे.

काल त्या ऑफिसला आग लागली. यंत्रं गेली, एकमेकांची ओळख पटवायचे परवलीचे शब्दही गेले. जुन्या मोहरांची मुदत आज चार वाजता संपणार होती. मग तिथल्या दवाखान्यांची, बँकांची, कोणाचीच वेबसाइट उघडली नसती. नवी मोहोर उमटवायला तिन्ही कार्डं लागत; दोन मिळाली होती. तिसरं लावा आणि पिन टाका, असं लॅपटॉपवरची उर्वशी विनवत होती. पण ती खोटी निघाली तर अख्ख्या देशाची मोहोर चोराच्या हाती. मागच्याच महिन्यात तुमसरच्या एका मास्तरांना खोट्या पोलिसांनी असंच व्हिडिओवर दोन दिवस बसवून ठेवलं होतं.

साडेतीन झाले. वरठीच्या या पोरीला तुलारामांनीच त्या ऑफिसात नोकरीला लावून दिलं होतं. त्यांनी तिच्या बापाचं नाव विचारलं, रुजू झाल्याची तारीख विचारली. ती बरोबर सांगत गेली आणि यांचा संशय वाढत गेला. इतकं तर इंटरनेटवर कोणालाही सापडेल. शेवटी त्यांनी विचारलं, जायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी काय जेवलीस?

"लाखोळीच्या डाळीचे वडे."

"कसे झाले होते?"

ती कॅमेऱ्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "सर, काकू तिथं आहेत का?"

तुलाराम सावध झाले. घरात कोण आहे, हे चोरच आधी विचारतो. त्यांच्या पत्नी जनाबाई मागेच, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा उभ्या होत्या, तरी ते नाही म्हणाले.

"खारट होते सर. तोंडात घालवत नव्हते. काकूले वाईट वाटंल म्हणून आणखी मागून घेतले, ओढणीत लपवले आन् गोठ्यात गाईले टाकले. कोणालेच सांगतलं नाही."

तुलारामांना हसू आलं. त्या दिवशी या पोरीने बोटं चाटत वड्यांची तारीफ केली होती, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. खोटं सापडलं. कॉल तोडायला त्यांनी बोट उचललं.

जनाबाईंनी मागून त्यांचा हात धरला.

"नंबर टाका जी," त्या म्हणाल्या. "उर्वशीच आहे ते. दुसऱ्या दिवशी गव्हाणीतले वडे मीच काढले होते. गाईनंबी तोंड नाही लावलं."