सव्वा मूठ

सुपात गव्हाचे दोनच ढीग होते.

शोभाबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. उद्या रविवार, घरात कानबाई देवी बसायची. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू आजच दळून यायला हवे होते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, हा त्यांच्या कुळाचा रिवाज. आणि घरात पुरुष तीन. नवरा दगा, मुलगा गोपाल, नातू शुभम.

"पल्लवी, एक मूठ राहिली गं."

सुनेने मान वर केली नाही. "राहिली नाही, आत्याबाई. मीच नाही घातली. रोट उरला तर बाहेर कोणाला देता येत नाही ना. पुनवेच्या आत घरातच संपवायचा. आणि सोमवारपासून तुम्ही दोघं..."

ती थांबली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

बाहेरच्या खोलीत गोपाल बापाच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होता. तीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढलेल्या दगाला तेवढ्या जवळूनच ऐकू येई.

"आबा, इथं जागा पुरत नाही, हे तुम्हीही बघताय. तिकडे बगीचा आहे, मंदिर आहे, दर बुधवारी डॉक्टर येतो. पलसाणा काय लांब आहे? आणि माझी जबरदस्ती नाही हां. किसनने गोडादऱ्यात बघितलेली खोली पण आहेच. तुम्हीच ठरवा."

टीपॉयवर पलसाण्याच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. दगाच्या हातात पेन होतं.

आठ दिवस गोपाल हेच म्हणत होता. तुम्हीच ठरवा. शोभाबाईने ते खरं धरलं होतं. मनातून तिला गोडादरा हवं होतं. तिथे पुतण्या किसन होता, भाऊबंद होते, दारात बसलं की चार जणी येऊन टेकणार होत्या. पण पोराचं मन मोडायला नको म्हणून कालच तिने पलसाण्याला अर्धा होकार दिला होता.

तिने सूप उचललं आणि बाहेर येऊन त्या फॉर्मवरच ठेवलं.

"माय, हे काय?"

"मोज."

"काय मोजू?"

"ढीग मोज. मोजायला तुला मीच शिकवलंय."

गोपालने सुपाकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात पल्लवी उभी होती. तिच्यामागून आठ वर्षांची हर्षदा डोकावत होती.

"अगं, चुकली असेल ती," तो हसला. "घाल अजून एक मूठ. त्यात काय एवढं?"

"ती चुकली नाही. तिने बरोबर मोजलंय. तूच खोटं विचारत होतास."

राग आला की शोभाबाईच्या तोंडी अहिराणी येई. मुलाच्या या नव्या फ्लॅटमध्ये ती एरवी आवरून धरी. आज नाही आवरली. "तुना सोमवार ठरी गया ना? मंग आम्हले इचारस कसाले?"

"माय, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! गोडादऱ्यात आम्ही नको, कारण तिथं आपली माणसं. रोज विचारतील, दगा इथं, मग गोपाल कुठं? पलसाण्याला कोण विचारणार?"

गोपालचा चेहरा लाल झाला. "तिथं गटारं वाहतात, माय! नळ एक, घरं दहा. दिवसभर लूमची खडखड. तुम्हाला तिथं टाकलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"हां," शोभाबाई म्हणाली. "आता बोललास खरं."

दगाला यातलं अर्धंही ऐकू आलं नव्हतं. तो सुपाकडे बघत होता. त्याने एका ढिगावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. तिसऱ्यांदा बोट सुपाच्या रिकाम्या जागेवर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"मनी मूठ कोठे शे?"

कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा तो मोठा आवाज घरभर घुमला. दगाने गोपालकडे पाहिलं. मग पेनला टोपण लावलं आणि ते गोपालच्या खिशाला अडकवून दिलं.

शोभाबाई आत गेली. तिने कोरं फडकं पसरलं, गव्हाचा डबा ओढला आणि दगाच्या नावाने सव्वा मूठ घातली.

"गोपाल, किसनच्या गल्लीतल्या एसटीडी बूथवर फोन लाव," ती आतूनच ओरडली. "किसनला म्हणावं, चक्कीवाल्याला चक्की धुऊन ठेवायला सांग. आमची कानबाई यंदा तुझ्याकडे. आणि त्या खोलीचं कुलूप काढून ठेव."

मग तिने पुन्हा डब्यात हात घातला. हर्षदा जवळ येऊन बसली होती. गेल्या वर्षी आजीनेच तिला मुठी मोजायला शिकवलं होतं.

"आजी, ही कोणाची?"

"माझी."

"पण बायांची मूठ नसते ना? तूच सांगितलंस."

"मीच सांगितलं होतं." नातीशी बोलताना शोभाबाईने आवाज खाली आणला. "आता नीट बघ. आधी मूठ गच्च भरायची. एक दाणा सांडायचा नाही. मग वरचा पाव. तो विसरायचा नाही."

दोन्ही वाटे एकत्र करून तिने फडक्याला अशी गाठ मारली, की ती सोडायला चक्कीवाल्याला दातच लावावे लागणार होते.