पिंजऱ्यातला वळसा

तेमा शहरातल्या आमच्या साबणाच्या कारखान्यात देडेई एकटीच नियंत्रण-खोलीत बसून सगळ्या यंत्रांचे स्क्रीन सांभाळायची. दिवसभर इशाऱ्याच्या घंट्या वाजायच्या. घरी गेली तरी तिच्या कानात वाजतच राहायच्या. म्हणून एंजिनिअर सेलोर्मने बिनकामाच्या घंट्या बंद करायला घेतल्या.

शेवटी एक उरली: 'पिंजऱ्यात माणूस आहे.' त्या जाळीच्या पिंजऱ्यात खोकी रचणारा यांत्रिक हात होता. दाराला कुलूप, आत कोणी नाही. तरी घंटा वाजे आणि हात थांबे.

"सेन्सर बिघडलाय. हीपण बंद करतो, म्हणजे तुझं डोकं शांत होईल."

"करा बाई एकदाची, साहेब. वेड लागायची पाळी आलीये."

त्या दुपारी कित्येक दिवसांनी देडेईला मक्याची केंकी नि मासळी गोड लागली.

जेवून आली, तर हात थांबत नव्हता. खोकं उचलून तो मोकळ्याच जागेला वळसा घालत होता. जागा माणसाएवढी होती.

"साहेब, हे तुम्ही शिकवलंत त्याला?"

"मी? छे!" सेलोर्म वाकून बघू लागला.

ऊन कललं तसा वळसा दाराकडे सरकत गेला. मग हात एकदम सरळ चालू लागला. देडेईने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात बाहेर माल नेणारी बिनचालकाची गाडी कशाला तरी वळसा घालून गेली. मागचीही वळली, त्यांच्या खोलीच्या आणखी जवळ.

खोलीचं काचेचं दार आपोआप सरकलं. उंबऱ्यात कोणी असेपर्यंत ते मिटत नाही.

क्षणभर ते उघडंच राहिलं. मग मिटलं.