तोडकाकांचा आकडा

"बरोबर आलंय ना? मग तोंड पाडून का बसलीयेस?" नवऱ्याने विचारलं.

"तोंड नाही पाडलं. विचार करतेय."

स्क्रीनवर तिचा आकडा होता आणि त्याखाली तोडकाकांचा. दोन्ही तंतोतंत सारखे.

धातूची पट्टी किती ताण सोसून तुटेल, हे गणिताने आधीच सांगायचं, हे तिचं संशोधन. असल्या वेडाच्या ठिकठिकाणच्या मंडळींचा इंटरनेटवर एक कट्टा होता. दरवर्षी सगळे आपापलं भाकीत तिथे टाकत. मग एक प्राध्यापक आपल्या प्रयोगशाळेत खरी पट्टी ओढून तोडत आणि खरा आकडा जाहीर करत. त्यावरूनच त्यांना तोडकाका हे नाव पडलं. त्यांच्या आकड्याशी ताडून ती आपलं गणित ठोकूनठाकून सरळ करी. बाकीचेही तेच करत. वर्षागणिक सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ येत चालले होते. कोडं सुटत आलं म्हणून कट्टा खुशीत होता.

यंदा तिने नेम अचूक साधला. आनंद झाला, नाही असं नाही. पण धातू इतका शहाण्यासारखा वागतो का कधी? हा किडा डोक्यात वळवळू लागला. त्यात उद्या सही करायची होती. तिच्या गणिताच्या भरवशावर एक कारखाना लिफ्ट पेलणाऱ्या पट्ट्या निम्म्या जाडीच्या करणार होता.

"तुटलेली पट्टी एकदा डोळ्यांनी बघून येते," म्हणत तिने शेजारच्या शहराची बस पकडली.

तोडकाका तिला पाहून हरखले. चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली. प्रयोगशाळा लख्ख होती. यंत्र तर कालच आणल्यासारखं चकचकत होतं.

"यंदाची पट्टी दाखवता, सर?"

ते घुटमळले. "बघून काय करणार? आकडा तर जुळला ना."

"म्हणूनच बघायचीय. कशी फाटली ते कळेल."

नाइलाजाने त्यांनी कपाट उघडलं. आत दर वर्षाची एक, अशा पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. तिने यंदाची उचलली. गुळगुळीत, साधा ओरखडाही नाही. मागच्या वर्षीची उचलली. तीही धडधाकट.

"सर, ह्या तुटल्याच नाहीत."

"यंत्र बिघडलं ना." तोडकाका कपबशा गोळा करू लागले. "दुरुस्त करणारा मिळेना आणि कट्ट्यावर सगळे डोळे लावून बसलेले. शेवटी सगळ्यांनी पाठवलेल्या आकड्यांची सरासरी काढली आणि दिली टाकून. वाटलं, कुणीतरी हटकेल. कुणीच हटकलं नाही. मग दरवर्षी तेच करत गेलो."

"पण बिघडलं कधी?"

"तुम्ही कट्ट्यावर आलात ना, त्याच्या आदल्या वर्षी."