चाकापुढचे लिंबू

नेत्रसंशोधनाच्या मदतनिधीसाठी किन्हवलीहून मुरबाडला चाळीस ट्रॅक्टर निघणार होते, आणि पहिल्यावर कान्हा होता. वर्षभरात त्याची नजर विझत आली होती, हे मालकापासून लपवलेले होते. मडगार्डवरून, खांद्यावर बोटे टेकवून त्याला वळणे सांगणारी बायको बाईजा तेवढी जाणून होती. “बायकांनी खाली उतरावे, सुरक्षा महत्त्वाची,” संयोजक कर्ण्यावरून गरजला. “उतरू नको गो,” कान्हा पुटपुटला. तिला सन्मानपूर्वक उतरवण्यात आले. पाहुण्यांनी हिरवा झेंडा उचलला आणि तेव्हाच बाईजाची सासू चाकापुढे लिंबू ठेवायला वाकली. बाईजाने ओरडावे, तर कान्हाची नोकरी जाणार. ट्रॅक्टर हलला. “थांबा! तुमाला दिसत नाय, पुढं आय हाय!” ब्रेक लागला. लिंबू चिरडले, म्हातारीची बोटे वाचली. मालकाने शांतपणे किल्ली मागितली. कान्हाने ती अदबीने पुढे केली, मालक नव्हता त्या बाजूला.