एक कमी केला तर

ऐरोलीच्या क्लासमध्ये अभिराम सरांनी सरासरीचं गणित घातलं. "वीस जणांच्या बॅचची सरासरी सत्तर. एकाला काढलं, की उरलेल्या एकोणिसांची होते बहात्तर, अगदी जाहिरातीवर छापण्यासारखी. मग काढलेल्याचे मार्क किती? बोला, स्टार मंडळी!"

सोनमने आठवडाभर याच प्रकरणाशी झुंज दिली होती. या वर्गात प्रथमच तिचा हात सर्वांच्या आधी वर गेला.

"बत्तीस, सर!"

"अरे वा! कसे आले?"

"वीस जणांचे एकूण चौदाशे. त्यातून एकोणिसांचे तेराशे अडुसष्ट वजा केले, सर..."

बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. सोमवारच्या सराव परीक्षेत बत्तीस गुण तिलाच पडले होते. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"एकदम करेक्ट," सर कौतुकाने म्हणाले. "काल तुझ्या पप्पांना हेच तासभर समजावत होतो. ते आपले 'पोरगी मेहनत करते, सर' एवढंच धरून बसले. आता घरी जाऊन तूच समजाव त्यांना."