आईच्या फोनचा प्रकार

केतकीचा फोन वाजला. पडद्यावर आईचं नाव होतं आणि त्याखाली कॉलचा प्रकार: 'माया'. शेजारी बसलेल्या थोरल्या शर्वरीचा जळफळाट झाला. हल्ली फोन लावणाऱ्याची नाडी पाहून नेटवर्क कॉलचा प्रकार ठरवायचं, आणि तिला आईचे फोन कायम 'काम' म्हणूनच यायचे.

शर्वरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अभियंता होती. दुसऱ्याच दिवशी तिनं आईची लाइन स्वतः तपासली. बिघाड कुठेच नव्हता.

मग तिनं आईलाच फोन लावला. "केतकीला माया, आणि मला नुसतं काम?"

"तुझे फोन इथं काय म्हणून येतात, ठाऊक आहे?" आईनं विचारलं.

"काय?"

"'तक्रार'. आत्ताही तेच आलंय. तरी पहिल्या रिंगला उचलला ना गं मी?"

शर्वरीला फोन ठेववेना.