कोरी ओळ

"अव्वा, कागद घेऊन कुणीबी येऊ दे, कायबी इचारू दे. ठाऊक न्हाय म्हणायचं. म्या येऊन सांगंपर्यंत."

घर सोडताना लेकानं, शांतलिंगानं, सांगितलेलं हे बोलणं गौराबाईच्या कानात होतं, आणि समोर चावडीच्या ओट्यावर बलभीम मास्तर कागद घेऊन बसले होते.

ईट गावात मताची यादी चालली होती. निजामाचं राज्य जाऊन सव्वा वर्ष झालेलं. नाव, वय आणि बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, एवढंच लिहून तहसिलीत धाडायचं होतं. पण मास्तरांनी आपल्या मनानं तीन सवाल वाढवले होते. ज्याला ते सुटतील, त्याचंच नाव ते लिहीत होते.

"सांगा गौराक्का, आता राज्य कुणाचं हाय?"

"ठाऊक न्हाय."

"निजामाची सत्ता कधी गेली?"

"ठाऊक न्हाय, मास्तर."

"बरं. मत कशासाठी द्यायचं?"

गौराबाईनं पदर सारखा केला. वाकडं जुळलेलं डावं मनगट पदराखाली गेलं. "ठाऊक न्हाय."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता, वाईटच वाटलं होतं.

"मास्तर, सरकारनं तुमाला नावं लिवायला बसवलंय का परीक्षा घ्यायला?" गौराबाईची शेजारीण धुरपदाबाई मागून म्हणाली.

"सरकारनं न्हाय सांगितलं. पण ज्याला कायच ठाऊक न्हाय, त्याच्या हातात गावाचा कासरा कसा द्यावा? तुमीच सांगा."

"माझ्या हातात दिलाच की! पुतण्यानं दोन दिस घोकून घेतलं, तवा पास झाले. अर्थ इचारला असता, तर पडले असते तोंडावर."

बायका हसल्या. मास्तरही हसले. गौराबाई मात्र उठून घराकडे चालू लागली होती.

ती वळणाआड गेल्यावर धुरपदाबाई ओट्याजवळ सरकली. आता ती हसत नव्हती.

"ह्या लोकांस्नी काय कळतंय, असं निजामाची माणसं बी म्हणायची, मास्तर. तुमी गेल्या साली बदलून आलाव. त्या बाईचं मनगट कुणी मोडलं, इचारलंव का कधी? पोरगं निजामाशी लढाया सरहद्दीच्या कँपात गेलेलं. रझाकार त्याचा ठावठिकाणा इचारत व्हते, बंदुकीचा दस्ता घालून इचारत व्हते. हिनं तवा बी हेच सांगितलं."

मास्तरांनी टाक पुन्हा हातात घेतला.

"सवाल राहू द्या," ते म्हणाले. "पण नाव तरी त्यांनी आपल्या तोंडानं सांगाया पाहिजे. तुमी सांगून चालायचं न्हाय. सोमवारी कागद जातील. तवर एक ओळ कोरी ठेवतो."

धुरपदाबाई गौराबाईच्या घरी आली, तेव्हा ती जोंधळे निवडत बसली होती. धुरपदाबाई काही विचारायच्या आधीच ती मान वर न करता बोलली.

"राज्य आपलं हाय. निजामाची सत्ता गेली भादव्यात, पुनवेच्या आदल्या दिशी. आन् दारात बंदूक घेऊन येनाऱ्याला, तुला कुणी धाडलं, असं आपल्याला इचारता यावं, म्हणून मत."

"अगं बाई! मग मास्तराला का न्हाय सांगितलंस?"

"त्यानं येऊन सांगायचं ठरलंय."

धुरपदाबाई सुपाशेजारी टेकली. निजामाचं राज्य गेलं, त्याच सालच्या जेठात शांतलिंग लढताना पडला होता. कँपातल्या पोरांनी त्याला ओढ्यापलीकडं, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसवून, तळहातावर लिंग ठेवून माती दिली होती. पोरं सांगायला आली. गौराबाईनं सगळं ऐकून घेतलं, त्यांना पोटभर जेवू घातलं. पण ओढा ओलांडून ती आजवर एकदाही गेली नव्हती.

लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. सोमवार कधी चुकला नव्हता. पोराला दिलेला शब्दही त्याच नेमात बसलेला होता.

"अक्का, तो कशापायी गेला गं? तुझं-माझं नाव त्या कागदावर लागावं म्हणूनच न्हवं का?"

गौराबाईनं चार खडे बाजूला काढले. "ते मला ठाऊक हाय, धुरपदे. पण शब्द त्याला दिलाय. सोडवायचा तर त्यानंच सोडवावा."

"मग जा की, त्यालाच इचारून ये!"

बोलली आणि धुरपदाबाईनं जीभ चावली.

गौराबाईचा हात सुपात तसाच थांबला. बाहेर कुणाची तरी गाडी वाजत गेली. तिचा आवाज पार विरला, तरी हात हलला नाही.

"उद्या जाते," ती म्हणाली. "मास्तराला सांग, सोमवारी सकाळी मी माझ्या तोंडानं नाव सांगीन."

"अक्का, मी रागानं म्हणले गं. नको जाऊस."

"न्हाय. शब्द दिला तुला."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं आंघोळ केली. लिंगपूजा झाली. कपाळाला विभूती लावली. बेलाची पानं धुऊन पदराच्या टोकाला बांधली. उंबऱ्यात येऊन ती जराशी थबकली.

पोरगं गेल्यापासून त्या दाराला कधी कडी लागली नव्हती. आपण घरात नसताना तो आला, तर त्याला दार उघडं सापडावं म्हणून.

गौराबाईनं दार ओढून घेतलं. कडी घातली. आणि ओढ्याच्या वाटेला लागली.